धर्माच्या गाईचे दात मोजणारी संस्था

लंडनच्या दक्षिण भागात कॅम्बरवेल येथे एक गोदाम आहे. तिथून दरवर्षी दहा लाखांच्या आसपास पुस्तके जगभर रवाना होतात. 'बुक एड इंटरनॅशनल' हे या संस्थेचे आजचे नाव. २०२४ साली तिला सत्तर वर्षे पूर्ण झाली. या सत्तर वर्षांत तिने साडेतीन कोटींहून अधिक पुस्तके पाठवली. एवढा मोठा आकडा छापला की संस्थेचे कौतुक पूर्ण झाले, अशी आपल्याकडच्या स्मरणिकांची समजूत असते. पण हा इतिहास वाचायचा तो पाठवलेल्या पुस्तकांपेक्षा न पाठवलेल्या पुस्तकांसाठी. ही संस्था बेटांवरच्या शाळांसाठी जुनी पुस्तके गोळा करण्यातून उभी राहिली आणि पुढे 'नको' म्हणायला शिकली. आलेल्या देणगीला नाही म्हणणे किती कठीण असते, हे वाचनालयाच्या कार्यकारिणीवर एकदा तरी बसलेल्या माणसाला सांगायला नको.

सुरुवात बहामाची. सातशेच्या आसपास बेटे, वस्ती असलेली त्यांतली जेमतेम तीसेक. हा पसारा फ्लोरिडाच्या समोरून निघतो तो क्युबा आणि हैतीच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. राजधानी नासाऊ, न्यू प्रॉव्हिडन्स नावाच्या लहानशा बेटावर. अँड्रोस, अ‍ॅबाको, इल्युथेरा, कॅट आयलंड, इनाग्वा अशा बाकी सगळ्या बेटांना तेव्हा सरसकट 'आउट आयलंड्स' म्हणत. सरकार, पैसा, बाजारपेठ जे काही होते ते नासाऊत. बाहेरच्या बेटांच्या वाट्याला यायची ती टपालबोट. ही बोट पत्रे आणायची, पिठाची पोती आणायची, रॉकेल आणायची, माणसे आणायची आणि जाताना मासळी, अननस, कोंबड्या घेऊन जायची. इनाग्वा तर नासाऊपासून साडेपाचशे किलोमीटरांवर. वारा फिरला की बोटीचा वार चुकायचा.

या बेटांचा चरितार्थ एके काळी समुद्रातल्या स्पंजावर चाले. १९३८-३९च्या सुमारास स्पंजावर रोग पडला आणि बहुतेक स्पंज मेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेला शेतमजुरांची चणचण भासू लागली, तेव्हा १९४३पासून कराराने बहामातली माणसे तिकडे जाऊ लागली. घरी उरली म्हातारी माणसे, बायका आणि मुले. कोकणातल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या मनिऑर्डरीवर चाललेली गावे त्याने पाहिली आहेत.

शाळा होत्या. नव्हत्या असे नाही. पण बहुतेक ठिकाणी एकाच खोलीत सगळे वर्ग, मास्तर एक, आणि त्याच्या हाताखाली 'मॉनिटर' म्हणून वरच्या वर्गातली मुले खालच्यांना शिकवणार. चौदाव्या वर्षाच्या आसपास शिक्षण संपायचे. पुढे शिकायचे तर नासाऊला, आणि तिथे सरकारी हायस्कूल एकच, तेही १९२५ साली निघालेले. शाळेत क्रमिक पुस्तके सोडून वाचायला काही नसायचे. क्रमिक पुस्तकेही बहुधा विलायतेत बेतलेली, बर्फाच्या आणि डॅफोडिलच्या वर्णनांची. नासाऊला मात्र सार्वजनिक वाचनालय होते, आणि आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या अष्टकोनी तुरुंगाचेच पुढे वाचनालय झाले. पूर्वी कैदी ठेवत त्या कोठड्यांमध्ये आता पुस्तकांची कपाटे आहेत. बाहेरच्या बेटावरच्या मुलाला ते वाचनालय बघायचे तर आधी बोटीचे भाडे जमवायला हवे.

१९५३ साली बहामाचे नवे गव्हर्नर म्हणून अर्ल ऑफ रॅनफर्ली यांची नेमणूक झाली. सोबत पत्नी हर्मायनी. गव्हर्नरच्या बायकोने दानधर्म करायचा, हॉस्पिटलात फुले घेऊन जायचे, बक्षीससमारंभाला टोपी घालून बसायचे, हा वसाहतींतला जुना रिवाज. त्याच गुलाबी गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १९४० ते १९४५ या काळात सिंहासन सोडलेले ड्यूक ऑफ विंडसर गव्हर्नर म्हणून राहून गेले होते. तेव्हा नव्या बाईंकडून कोणी फार अपेक्षा ठेवली असेल असे वाटत नाही.

पण ही बाई वेगळ्या मुशीतली होती. जन्म १९१३चा. माहेर खानदानी, पण वडिलांचा पैसा गेलेला; त्यामुळे टंकलेखन शिकून नोकरी धरावी लागली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरांकडे ती सचिव होती. १९३९च्या जानेवारीत लग्न झाले, आणि त्याच वर्षी युद्ध लागले. नवरा मध्यपूर्वेत गेला. सैनिकांच्या बायकांनी मागोमाग यायचे नाही असा लष्कराचा हुकूम. तो धुडकावून ही तिथे पोहोचली. परत पाठवायला बोटीत बसवले, तर केपटाउनला उतरून पुन्हा कैरोला हजर. १९४१ साली नवरा लिबियात पकडला गेला आणि इटलीत युद्धकैदी झाला. तो सुटून येईपर्यंत परत जायचे नाही, असा पण तिने केला आणि पाळला. मधली वर्षे कैरोतल्या गुप्त युद्धकार्यालयात, जेरुसलेमला ब्रिटिश उच्चायुक्तांकडे आणि मग जनरल मेटलंड विल्सन यांच्याकडे सचिव म्हणून गेली. सेनापतींच्या टेबलावरचे कागद जिच्या हातून गेले, तिला रसद म्हणजे काय ते वेगळे शिकवायची गरज नव्हती.

माझ्या मते संस्थेच्या जन्माचे मर्म इथे आहे. बेटांवर पुस्तके नाहीत हे पाहून हळहळणारी माणसे हर्मायनीच्या आधीही नासाऊला येऊन गेली असणार. हळहळीला तोटा नसतो. पण कोणत्या बेटावर कोणती शाळा, तिथे मुले किती, बोट केव्हा सुटते, पेटी उतरवून घेणारे कोण, पोचपावती आली की नाही, हे लिहून ठेवणारी सचिव तिथे पहिल्यांदाच आली. १९५४ साली तिने इंग्लंडमधल्या ओळखीच्या लोकांना पत्रे लिहून घरातली वाचून झालेली पुस्तके मागवली. त्यातून 'रॅनफर्ली आउट आयलंड लायब्ररी' उभी राहिली. इंग्लंडच्या घरांतली पुस्तके अटलांटिक ओलांडून नासाऊला यायची आणि तिथून बेटांवरच्या शाळांकडे आणि वस्त्यांकडे जायची.

या कामाला दुसरीही बाजू होती, आणि गौरवग्रंथांत ती सहसा येत नाही. नासाऊच्या बे स्ट्रीटवरच्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या हातात तेव्हा बहामाचे विधिमंडळ होते. लोकसंख्या बहुसंख्येने काळी, सत्ता मूठभरांची. ज्या वर्षी रॅनफर्ली गव्हर्नर म्हणून आले त्याच १९५३ साली बहामातला पहिला राजकीय पक्ष, प्रोग्रेसिव्ह लिबरल पार्टी, स्थापन झाला. १९५८च्या जानेवारीत सार्वत्रिक संप झाला, १० जानेवारी १९६७ रोजी काळ्या बहुसंख्येचे राज्य आले, १० जुलै १९७३ रोजी स्वातंत्र्य. बेटांवर शाळांची जी दैना होती ती कुणाच्या नशिबाने नव्हे, तर अंदाजपत्रकामुळे होती. ते अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांच्या पंक्तीला गव्हर्नरसाहेब बसत, आणि घरात त्यांची पत्नी त्याच शाळांसाठी जुनी पुस्तके गोळा करत होती. या विसंगतीवर बोट ठेवणाऱ्याला गप्प बसवता येणार नाही. तरीही १९५४ साली दहा वर्षांच्या असलेल्या मुलाला १९६७ची वाट पाहायला सांगणे हाही न्याय नव्हे. त्या मुलाच्या हाती पुस्तक आले ते पेटीतूनच.

१९५६ साली रॅनफर्लींची कारकीर्द संपली. जाता जाता अनाथ मुलांसाठी नासाऊत एक घर सुरू झाले. ते 'रॅनफर्ली होम' आजही चालू आहे. पुस्तकांचे काम मात्र पाहुण्यांबरोबर बोटीत चढले आणि लंडनला आले.

इथून पुढे व्याप वाढला. वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत होत्या, नवी सरकारे शाळा काढत होती, आणि शाळांपाठोपाठ पुस्तकांची मागणी येत होती. आधी कॅरिबियन, मग आफ्रिका, आशिया, पॅसिफिक. 'रॅनफर्ली लायब्ररी सर्व्हिस' हे नाव धारण करून संस्था रीतसर उभी राहिली. स्वयंसेवक आले, गोदाम आले, दात्यांच्या याद्या आल्या. १९७० साली हर्मायनीबाईंना ओ.बी.ई. हा सन्मान मिळाला.

आणि पुस्तके येत राहिली. दानात येणारी पुस्तके कशी असतात, हे कुठल्याही मराठी ग्रंथपालाला विचारावे. तो कपाळाला हात लावील. वडील गेले, फ्लॅट विकायचा आहे, माळ्यावरची पोती वाचनालयात आणून टाकली. पोते सोडले की निघतात काय? अर्ध्या भरलेल्या व्यवसायमाला, अभ्यासक्रम बदलून दहा वर्षे झालेली दहावीची गाइडे, कंपनीच्या कोऱ्या डायऱ्या, तीन खंडांच्या कादंबरीचा दुसराच खंड, आणि तळाशी एखादा देखणा, पण कसरीने चाळण केलेला शब्दकोश. आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर कृतार्थता. त्याला काय सांगणार? पोते ठेवून घ्यायचे, सहा महिने थांबायचे, मग रद्दीवाल्याला बोलवायचे, तेही दात्याच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने.

गावातल्या वाचनालयाचा प्रश्न रद्दीवाल्यापाशी संपतो. बेटावरच्या शाळेचा तिथे सुरू होतो. निरुपयोगी पुस्तकालाही चांगल्या पुस्तकाइतकेच वजन असते, तेवढेच भाडे लागते, तेवढीच हमाली. ते बोटीतून उतरते, शाळेच्या एकुलत्या कपाटात जागा अडवते, आणि बेटावर रद्दीवाला नसतो. खाऱ्या दमट हवेत पाने चिकटतात, कसर लागते, आणि मास्तरांना ते फेकताही येत नाही, कारण ती 'भेट' आहे. पुढच्या वर्षी सरकारी साहेब तपासणीला येतो, भरलेले कपाट पाहतो आणि 'शाळेत ग्रंथालय आहे' असा शेरा मारून जातो. नव्या पुस्तकांसाठी केलेला अर्ज त्या शेऱ्यावर अडतो. खोगीरभरती अशी उपाशी पोटावर पाटी लावते: पोट भरलेले आहे.

'धर्माची गाय अन् दात का नाय' ही म्हण आपण घेणाऱ्याला टोमणा मारायला वापरतो. फुकट मिळाले आहे ना, मग चिकित्सा कसली? पुस्तकदानाच्या क्षेत्रात जगभर बरीच वर्षे हीच वृत्ती चालली. १९८०च्या दशकात आफ्रिकेतल्या अनेक देशांची परकीय चलनाची गंगाजळी आटली. कर्जाचे हप्ते आणि तेल यांपुढे पुस्तकांच्या आयातीला पैसा उरेना. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नियतकालिकांचे अंक यायचे थांबले, शाळांत एका पाठ्यपुस्तकावर चार-पाच मुले वाकू लागली. पुस्तकांचा दुष्काळ, असे त्या स्थितीचे वर्णन तेव्हा होत असे. मदतीचा ओघ सुरू झाला आणि त्याबरोबर टीकाही. श्रीमंत देशांतले प्रकाशक न खपलेला माल कंटेनरात भरून पाठवतात, करात सूट मिळवतात आणि दाते म्हणवून घेतात. शिवाय फुकटच्या परदेशी पुस्तकांपुढे नैरोबीच्या किंवा हरारेच्या छोट्या प्रकाशकाने तग धरायचा कसा? ही टीका आफ्रिकेतल्या ग्रंथपालांनी आणि प्रकाशकांनी केली, आणि ती रास्त होती.

अशा वेळी संस्था दोन गोष्टी करू शकते. एक, 'आमचा हेतू चांगला आहे' असे निवेदन काढायचे. बहुतेक संस्था हेच करतात. रॅनफर्ली लायब्ररी सर्व्हिसने दुसरी वाट धरली. तिने कामाचे तोंडच फिरवले. आपल्याकडे काय आले आहे, त्यापेक्षा त्यांनी काय मागितले आहे, हे आधी पाहायचे. पाठवायचे ते ग्रंथालयांमार्फत, कारण एका घरात गेलेले पुस्तक एक घर वाचते, ग्रंथालयात गेलेले गाव वाचते. भर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेवर ठेवायचा, सगळ्या जगाचा मक्ता घ्यायचा नाही. आणि आफ्रिकेतच छापलेली पुस्तके आफ्रिकेतल्या ग्रंथालयांना मिळावीत म्हणून पैसा द्यायचा. ज्यांच्या पोटावर पाय येत होता त्या प्रकाशकांकडूनच पुस्तके विकत घ्यायची, हे एका दान गोळा करणाऱ्या संस्थेला सुचणे आणि पचणे सोपे नव्हते.

१९९४ साली नाव बदलले. 'रॅनफर्ली' गेले, 'बुक एड इंटरनॅशनल' आले. संस्थापकाचे नाव काढणे म्हणजे आपल्याकडे फाटाफुटीला आमंत्रण. नावावरून संस्थांचे दोन तुकडे झाल्याची उदाहरणे वाचकांना आपापल्या गावची आठवतील. इथे तसे काही घडले नाही. योगायोग असा की त्याच वर्षी ऐंशी वर्षांच्या हर्मायनीबाईंची युद्धकाळातली रोजनिशी 'टू वॉर विथ व्हिटकर' या नावाने पुस्तकरूपात आली आणि तुफान वाचली गेली. व्हिटकर हा त्यांच्या नवऱ्याचा स्थूल, गमत्या खानसामा. तो मालकाबरोबर युद्धावर गेला होता. दुसऱ्यांची वाचून झालेली पुस्तके चाळीस वर्षे गोळा केलेल्या बाई उतारवयात स्वतः लेखिका झाल्या. २००१च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

आज कॅम्बरवेलच्या गोदामात घरगुती पोती येत नाहीत. पुस्तके येतात ती ब्रिटिश प्रकाशकांकडून, कोरी करकरीत. दात मोजायचे काम तरी संपलेले नाही. एका टेबलावर स्वयंसेवक प्रत्येक पुस्तक उघडून आतल्या पानावर संस्थेचा शिक्का मारतात. काम कंटाळवाणे आहे, पण दानाचे पुस्तक बाजारात विकले जाऊ नये यासाठी याहून स्वस्त उपाय अजून निघालेला नाही. शिक्क्यापलीकडे मांडणी: लहान मुलांची चित्रमय पुस्तके वेगळी, शाळेची वेगळी, वैद्यकाची आणि कायद्याची वेगळी. मग कुठल्या ग्रंथालयाने काय मागितले आहे ते पाहून खोकी भरायची, खोकी फळ्यांवर रचायची, फळ्या कंटेनरात. वैद्यकाचे पुस्तक जुन्या आवृत्तीचे असेल तर ते फुकट असले तरी जात नाही. औषधाची मात्रा बदललेली असेल तर त्या पुस्तकाने माणूस दगावेल.

शाळांसाठी २०१६ साली 'इन्स्पायरिंग रीडर्स' हा उपक्रम सुरू झाला, केनिया, कॅमेरून, मलावी या देशांतून. एकेका प्राथमिक शाळेला सुमारे १,२५० पुस्तकांचे पेटीग्रंथालय, त्यात काही पुस्तके त्याच देशात विकत घेतलेली. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी शाळेची जोडणी. आणि शिक्षकांना प्रशिक्षण. यातला शेवटचा भाग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पेटी आली की ती कुलूपबंद होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पुस्तक फाटले तर मास्तरांच्या पगारातून कापून घेतील या धास्तीने किल्ली मास्तरांच्या खिशात राहते आणि पेटी वर्षानुवर्षे नवी राहते. किल्ली कोणाकडे असावी आणि पुस्तक फाटले तर बोलणी खायची नाहीत, हे शिक्षकाला आधी सांगावे लागते.

इराकमध्ये मोसुलच्या विद्यापीठाचे ग्रंथालय आयसिसच्या काळात उद्ध्वस्त झाले, तिथेही पुढे या संस्थेची पुस्तके गेली. त्याचा वृत्तपत्रांत गाजावाजा झाला. बेटांवरच्या कामाचा होत नाही. झांझिबार ग्रंथालय सेवेबरोबर संस्थेने उंगुजा आणि पेंबा या बेटांवर मुलांसाठी खास कक्ष उभारायला हातभार लावला: बसक्या टेबलांचे, रंगवलेल्या भिंतींचे, मुलांना हात पुरेल अशा फडताळांचे. मुलाला चटईवर पालथे पडून वाचता यावे इतकी साधी त्यामागची दृष्टी. बहामात जे काम इंग्लंडहून आलेल्या खोक्यांनी सुरू झाले होते, ते इथे हिंदी महासागरातल्या लवंगांच्या बेटांवर फिरून आले. बहामाच्या बाहेरच्या बेटांना आता 'फॅमिली आयलंड्स' म्हणतात आणि त्यांच्या शाळा स्वतंत्र देशाच्या सरकारच्या. २०१९च्या सप्टेंबरात डोरियन चक्रीवादळ अ‍ॅबाकोवर आदळले तेव्हा घरांबरोबर शाळांतही समुद्र शिरला. बेटावरच्या कपाटातले पुस्तक किती वर्षे टिकेल, याचा हिशेब तिथे अजूनही समुद्रच करतो.

एक प्रश्न संस्थेला सत्तर वर्षांत सुटलेला नाही आणि तो आपल्याला चटकन कळावा. झांझिबारचे मूल घरी स्वाहिली बोलते. गोदामातून येणारी पुस्तके इंग्रजी. प्रकाशक इंग्रजी पुस्तके फुकट देतात, म्हणून ती लाखांनी जातात. स्वाहिली पुस्तके दार-एस-सलामच्या किंवा नैरोबीच्या दुकानातून रोख पैसे मोजून घ्यावी लागतात, म्हणून त्यांची संख्या बेताची राहते. संस्था त्यासाठी अनुदान देते, पण अनुदानाचा पैसा पुन्हा ब्रिटनमधल्या दात्यांकडूनच यायचा. दात्याला अहवालात दाखवायला पाच लाख पुस्तकांचा आकडा हवा असतो. तेवढ्याच खर्चात घेतलेली काही हजार स्वाहिली पुस्तके त्या रकान्यात फारच थोडी दिसतात. कॅम्बरवेलच्या लोकांनाही हे ठाऊक असणारच.